नकाशातली मोरी

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "तुमच्या व्यवसायातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना दिवाळीत हलकंफुलकं आवडतं." दोन आठवडे मी त्या पत्राकडे पाहत बसलो. गमती आहेत, नाही असं नाही. पण एकेक आठवायला लागलो की हसू येण्याआधी डोकंच तापतं. तेव्हा हलकंफुलकं हवं असेल त्यांनी पान उलटावं, मी रागावूनच लिहिणार आहे. त्यातला बराचसा राग माझा माझ्यावरच आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

मी नकाशे काढायचो. जळगावात शेतजमिनी बिनशेती होऊन त्यांचे प्लॉट पडायला लागले, त्या काळात, म्हणजे ऐंशी ते पंच्याण्णवच्या मधल्या वर्षांत, शहराच्या चारी अंगांना ज्या कॉलन्या उठल्या, त्यांतल्या बऱ्याच आधी माझ्या टेबलावर उठल्या. नकाशावर सही इंजिनिअर साहेबांची असायची, पैसा शेठलोकांचा असायचा आणि रेघ माझी असायची. तुम्ही ज्या वळणावर रोज स्कूटरचा ब्रेक दाबता आणि मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या देता, ते वळण कदाचित मीच काढलेलं असेल.

काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगतो. आधी शेतात साखळी टाकून मोजणी. बांध, विहीर, झाड, नाला, जे असेल ते मोजून वहीत घ्यायचं. मग टेबलावर ट्रेसिंग पेपर ताणून त्यावर चिनी शाईने नकाशा उतरवायचा. त्या एका ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वासाच्या हव्या तितक्या प्रिंट निघतात. एक कचेरीला, एक शेठला, एक प्लॉट घेणाऱ्याला. म्हणून ट्रेसिंग ही खरी वस्तू. तिच्यावर चूक झाली तर रबर चालत नाही. दाढीचं ब्लेड अर्धं मोडायचं आणि त्याच्या टोकाने शाई हलक्या हाताने खरवडून काढायची. हात चांगला असेल तर प्रिंटमध्ये कुणाला काही कळत नाही. माझा हात चांगला होता. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, की खरवडलेल्या जागी पुन्हा लिहायचं असेल तर आधी नखाने घासून कागद गुळगुळीत करावा लागतो. फार खरवडलं असेल तर नखाचाही उपयोग होत नाही. शाई फुटते, म्हणजे पसरते.

मी मूळचा धुळ्याचा, चौथ्या गल्लीतला. आमच्या जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत आणि गल्ल्या सरळ आहेत. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची गाय दिसते. माणसाला चालायला रस्ता असतो आणि तो दुसऱ्या रस्त्याला जाऊन मिळतो, हे मला लहानपणी इतकं साधं वाटायचं की त्यासाठी कुणी डोकं चालवलं असेल असं मनातही आलं नाही. जळगावात टेबलावर बसलो तेव्हा कळलं की रस्ता ही मालकाच्या दृष्टीने वाया गेलेली जागा असते. जितका रस्ता जास्त तितके प्लॉट कमी, एवढाच हिशेब. रस्ता नऊ मीटरचा दाखवायचा आणि आखताना खुंट्या हळूच आत सरकवायच्या. मग घरमालक येतात. प्रत्येकाला घरासमोर ओटा हवा, ओट्यापुढे स्कूटर चढवायला उतार हवा, उतारापुढे तुळस हवी. दोन्ही बाजूंनी असं झालं की मधे उरते ती बोळ. तिच्यातून आगीचा बंब जाईल का, बाळंतीण न्यायला गाडी येईल का, हे पंधरा वर्षांत मला एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

विचारायचे ते भलतंच. पहूरचे एक कापसाचे व्यापारी होते. त्यांना हवा तो प्लॉट दक्षिणमुखी निघाला. घरची मंडळी तयार होईनात. दुसरा प्लॉट घ्या म्हटलं, तर नाही. चार दिवस येरझारा घातल्या आणि पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, भाऊ, नकाशावर तो उत्तरेचा बाण आहे ना, तो जरा फिरवता येईल का. मी म्हटलं, शेठ, बाण फिरवीन, पण सूर्याला कोण सांगणार? त्यांना राग आला. पुढे त्यांना कुणीतरी फिरवून दिलाच. आजही त्या घराच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला नकाशा आहे आणि त्यात सूर्य पूर्वेच्या भुसावळऐवजी दक्षिणेच्या औरंगाबादकडून उगवतो.

हा किस्सा मी लग्नाकार्यात पुष्कळदा सांगितला. लोक हसतात, मीही हसतो. पण बाण फिरवायला नकार दिल्याची फुशारकी मारणाऱ्या याच माणसाने एक शब्द खरवडून दिला होता, ते मात्र मी कधी सांगत नव्हतो.

हायवेला लागून एक शेत होतं. हायवे म्हणजे गुजरातेतून येऊन नागपूरकडे जाणारा, आपल्या गावाच्या पोटातून गेलेला. तेव्हाही त्यावर ट्रकची रांग असायची, केळीच्या हंगामात तर विचारू नका. हे शेत हायवेच्या एका बाजूला आणि गाव, शाळा, बाजार, बसथांबा सगळं दुसऱ्या बाजूला. मोजणीला गेलो तेव्हा पाहिलं, की शेताच्या कोपऱ्यात हायवेच्या खालून एक जुनी दगडी मोरी होती. चांगली उंच. मी आत उभा राहिलो तर डोक्यावर हातभर जागा शिल्लक. पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर कोरडी, आणि तिच्यातून बैलगाड्या जायच्या. चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. मोजणी चालू असतानाच कडब्याने भरलेली एक गाडी आमच्या डोळ्यांसमोर पलीकडून अलीकडे आली. वर ट्रक धडधडत होते आणि खाली बैल शांतपणे चालले होते. मला फार बरं वाटलं. इथे राहायला येणाऱ्या माणसांना हायवे ओलांडावाच लागणार नाही, असं मी वहीत नाही, पण मनात लिहिलं. ट्रेसिंगवर त्या जागी सुंदर अक्षरात लिहिलं, "मोरी (गाडीवाट)".

शेठ संध्याकाळी नकाशा पाहायला आले. कोण ते लिहीत नाही, आता ते नाहीत. त्यांनी चष्मा लावून कोपरा पाहिला आणि म्हणाले, हे कंसातलं काढा. मी विचारलं, का. ते समजावणीच्या सुरात बोलले. गाडीवाट लिहिली की ती मोकळी सोडावी लागेल, म्हणजे हायवेला लागलेला सतरा नंबरचा प्लॉट गेला. सगळ्यात मोक्याचा प्लॉट. मी म्हटलं, पण मोरी आहे ना तिथे. तेव्हा शेठ हसून म्हणाले, "मग मोरी राहू द्या की. खोटं कशाला लिहायचं? फक्त गाडीवाट तेवढी काढा."

खोटं लिहायचं नव्हतंच मला. एक खरा शब्द फक्त काढायचा होता. मला तेव्हा ते इतकं किरकोळ वाटलं की मी उभ्या उभ्या ब्लेड मोडलं आणि खरवडून दिलं. कंस, गाडी, वाट, कंस. प्लॉट सतराची रेघ मोरीच्या तोंडापर्यंत नेली. प्रिंट स्वच्छ आली. शेठ हाताची तारीफ करून गेले.

आता आपल्या भाषेची गंमत पाहा. मोरी म्हणजे रस्त्याखालचा पूल आणि मोरी म्हणजे घरातली भांडी घासायची जागा. कंस होता तोवर कुणाचा घोटाळा झाला नसता. कंस गेल्यावर मंजुरीच्या कचेरीत ज्या कुणाच्या टेबलावर कागद गेला, त्याने जागेवर न जाता शेरा मारला, की "मोरीचे सांडपाणी पाइपाने गटारीस जोडण्याच्या अटीवर मंजूर." ही समजुतीची चूक म्हणायची की सोयीची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्लॉट विकायला निघाले. त्यात असोद्याचे नाना आले. केळीवाले शेतकरी, धोतर-टोपी, बोटं मातीने काळवंडलेली. मुलगा दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला, त्याचा मुक्काम तिकडच्याच कॉलनीत, सुटीला घरी. सून सुमन आणि नात मंगल यांनी जळगावात राहावं, नातीला चांगली शाळा मिळावी, म्हणून नाना स्वतः त्यांच्यासोबत राहायला येणार होते. बाकी गिऱ्हाइकं दिशा आणि कोपरा बघत. नानांनी प्रिंट टेबलावर पसरली, एकेक अक्षर लावत बोट फिरवलं आणि ते बोट बरोबर त्या कोपऱ्यात येऊन थांबलं.

"ही मोरी म्हंजे आपली गाड्याईची मोरीच ना, भाऊ? पोरगी खालून शायेत जाईन ना?"

शेठ समोर बसले होते. मी म्हटलं, "हो नाना, तीच मोरी." एवढंच म्हटलं. प्लॉट सतराची रेघ त्यांच्या बोटाखालीच होती, पण ती वाचायला कुणी शिकवलं होतं त्यांना? मला येत होती वाचता, आणि मी गप्प राहिलो.

"मंग मले हाच लेआउट पाह्यजे," नाना म्हणाले.

दोन वर्षं सगळं छान चाललं. सतरा नंबर रिकामाच होता, त्यामुळे लोक त्यातून मोरीत उतरत. सकाळी सुमन वहिनी मंगलला आणि कॉलनीतल्या आठ-दहा मुलींना घेऊन मोरीतून शाळेत सोडून यायच्या. मुली आत ओरडायच्या आणि आवाज घुमला की खिदळायच्या. मी त्या बाजूला कामाला गेलो की मुद्दाम थांबून ऐकायचो आणि स्वतःला सांगायचो, की बघ, कुठे काय बिघडलं?

मग सतरा नंबर विकला गेला. दीपनगरच्या राखेचे ट्रक आले. तेव्हा खोलगट प्लॉट भरायला ती राख सर्रास वापरत. चार दिवसांत खड्डा भरला आणि त्याबरोबर मोरीचं तोंडही. वर बंगल्याचा पाया आला, कंपाउंड आलं. पाणी जायला एक पाइप टाकला होता, कारण मंजुरीत तशी अटच होती. कायद्याचं इतकं काटेकोर पालन मी त्या लेआउटमध्ये दुसरं पाहिलं नाही.

कॉलनीतल्या लोकांनी अर्ज केला. त्यात त्यांनी लिहिलं, की आमची मोरी बुजवली आहे, लहान मुलांना हायवे ओलांडावा लागतो, तरी मोरी उघडून द्यावी. सहा महिन्यांनी उत्तर आलं. नानांनी ते मला आणून दाखवलं होतं, म्हणून शब्द न शब्द आठवतो: "मोरी ही खासगी निवासी बाब असल्याने तिची दुरुस्ती संबंधित रहिवाशांनी स्वखर्चाने करून घ्यावी."

खाली गोल शिक्का. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला हसू आलं आणि लगेच संताप आला. एक माणूस उठून, सायकलवर टांग टाकून त्या जागेवर गेला असता, तर पाच मिनिटांत कळलं असतं. त्या अर्जात मुली होत्या, ट्रक होते, हायवे होता. हे सगळं भांडी घासायच्या जागेत कुठून येणार, असा प्रश्न एका शिकल्यासवरल्या माणसाला पडू नये? नाना मात्र शांत होते. त्यांनी विचारलं, भाऊ, तुमच्याकडे मोठा नकाशा असेल ना, त्यात मोरीचं नीट लिहिलेलं असेल, तेवढं जोडून पाठवू. मी म्हटलं, शोधतो. ट्रेसिंग माझ्या मागच्या कपाटातच होतं, सरळ गुंडाळी करून, नंबर टाकून. मी शोधलं नाही.

त्यानंतर नानांनीच उपाय काढला. लाल उपरणं काठीला बांधून ते रोज सकाळी शाळेच्या वेळी हायवेवर उभे राहायचे. उपरणं आडवं धरायचे, ट्रक थांबायचे, सुमन वहिनी मुलींना घेऊन पलीकडे जायच्या. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, नाना त्यांना रामराम करायचे. सत्तरीचा माणूस, आणि जे काम एका साध्या जुन्या मोरीने बसल्या जागी केलं असतं, ते हा माणूस जीव मुठीत धरून करत होता. गावातल्या लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मला त्या कौतुकाचीच चीड यायची.

केळीचे घड काढणीला आले म्हणून नाना दोन दिवस असोद्याला गेले. जाताना काठी आणि उपरणं सुनेजवळ देऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन वहिनी उपरणं धरून उभ्या राहिल्या. एक ट्रक थांबला. त्याच्या मागचा थांबला नाही, तो बाजू काढून पुढे आला. मुली अजून कडेलाच होत्या, त्या वाचल्या. सुमन वहिनी वाचल्या नाहीत.

मी तेव्हा गावातच होतो. बातमी कळली आणि मी नकाशांचं दुकान बंद करून एस.टी.ने धुळ्याला आईकडे गेलो. पळालोच म्हणा. आईला सगळं सांगितलं, शेठ, ब्लेड, कंस, सगळं. मी म्हटलं, मी एकच शब्द काढला होता, आई. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तू म्हनस एकच शब्द काढा," ती म्हणाली. "वाट बठ्ठी गयी ना रे." आमच्या अहिराणीत बठ्ठी म्हणजे सगळी.

पोलिसांनी ट्रकवाल्यावर केस केली, ते बरोबरच. वर्तमानपत्रात आलं की भरधाव ट्रकने महिलेस चिरडले. ट्रक भरधाव होता हे खरं. पण ती बाई तिथे का उभी होती, हे कुणीही लिहिलं नाही. लेआउट, मंजुरी, राख, बंगला, नकाशा, यांतलं एकही नाव त्या केसमध्ये नव्हतं. आपल्याकडे रस्त्यावर माणूस मेला की शेवटचा धक्का देणारा तेवढा सापडतो. आधीचे सगळे घरी बसून पेपर वाचत असतात. मीही वाचत होतो.

मी कचेरीला लेखी दिलं. माझ्या हाताने शब्द खरवडला आहे, मोरी म्हणजे गाडीवाट आहे, जागेवर येऊन पाहा, असं सगळं लिहून सही केली. ते पत्र कुठे गेलं कुणास ठाऊक, पोच मात्र माझ्याकडे आहे. मोरी उघडली नाही. कॉलनीतल्या लोकांनी वर्गणी काढून हायवेवर स्वतःच डांबराचा उंचवटा केला, तो महिनाभरात बुलडोझरने काढून टाकला, कारण त्याला मंजुरी नव्हती. इतक्या तत्परतेने जागेवर येता येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

दिवाळीच्या सुमारास नाना माझ्याकडे आले. घर विकायचं होतं. मंगल हायवेचा आवाज आला की कान झाकून घेते, तिला गावीच नेतो म्हणाले. खरेदीखताला जोडायला नकाशाची एक प्रत हवी होती.

मी कपाटातून ट्रेसिंग काढलं. प्रिंट काढण्याआधी खिडकीच्या काचेवर धरलं. उजेडात तो कोपरा बाकी कागदापेक्षा पांढुरका, पातळ दिसत होता. ब्लेडचे ओरखडे एकेक मोजता येत होते. मी नानांना जवळ बोलावलं आणि बोट ठेवून सांगितलं, की इथे गाडीवाट लिहिलं होतं, नाना, मीच काढलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला माहीत होतं. मोठा नकाशा मागितलात तेव्हाही इथेच होता.

त्यांनी त्या पांढुरक्या जागेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

"मंग लिहा ना परत," ते म्हणाले.

मी टेबलावर ट्रेसिंग ताणलं. ती जागा नखाने घासली, खूप घासली. पेन शाईत बुडवून लिहायला घेतलं. कंस केला, "गा" काढला, आणि शाई फुटली. पसरत पसरत कंसाच्या बाहेर गेली. पुढची अक्षरं लिहिली, तीही त्यातच विरघळली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कधी झाला नव्हता असा करंगळीच्या पेराएवढा काळा डाग त्या नकाशावर पडला. मी ब्लेड उचललं. नानांनी माझं मनगट धरलं.

"र्‍हाऊ द्या, भाऊ. डाग तं डाग. कोनी इचारलं तं सांगता येईन, अठी वाट व्हती."